जावेला झोप येत नाही

दहा ऑक्टोबरची रॅली आमच्या गावात सुरू केली ती आम्हीच. जागतिक मानसिक आरोग्य दिन 1992 पासून पाळला जातो, पण कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तो पोचायला बराच काळ जावा लागला. तो पोचवणाऱ्यांत मी पुढे होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ होता आणि घरात कारण होतं. माझ्या धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे. आजाराचं नाव कळेपर्यंत देवऋषी झाले, कुलदैवत झालं, जागा बदलून झाली. त्यामुळे माझं मत पक्कं होतं: लपवाछपवी हाच खरा शत्रू, हा विषय चव्हाट्यावरच आणला पाहिजे. शाळेची मुलं, हातात फलक, घोषणा, मग सभागृहात मेळावा, दीपप्रज्वलन, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या मनोविकारतज्ज्ञांचं भाषण, शाल आणि नारळ.

आता मी रॅली काढत नाही. फ्लेक्स तर अजिबात लावत नाही. आणि ज्या हळदीकुंकवाला मी उभ्या आयुष्यात नाक मुरडलं, ते स्वतः भरवते. ओळखीचे लोक विचारतात, हे काय नवीन? म्हणून हे लिहायला बसले.

मेळाव्याला कोण यायचं? वरून आदेश आलेल्या अंगणवाडी सेविका, नर्सिंगच्या मुली, पहिल्या रांगेत पदाधिकारी. ज्यांच्या घरात दुखणं आहे ती माणसं सोडून सगळे. एका वर्षी मी दारातल्या टेबलावर नोंदणीला बसले होते. नाव, गाव, मोबाइल, सही. एक बाई पायरी चढून आल्या, माझ्याकडे पाहिलं, सह्यांच्या कागदाकडे पाहिलं, मग वर लावलेला फ्लेक्स वाचला. ‘मी आपली सहज आले होते,’ म्हणाल्या आणि समोरच्या साडीच्या दुकानात शिरल्या. त्यांच्या घरात काय चाललं होतं ते निम्म्या गल्लीला माहीत होतं. आत येण्यासाठी आम्ही त्यांच्याकडून लेखी कबुली मागत होतो, एवढंच त्या क्षणी मला दिसलं. तरी पुढच्या वर्षी फ्लेक्स आणखी मोठा केला, कारण लोक येत नाहीत म्हणजे प्रचार कमी पडतो, हाच हिशोब डोक्यात होता.

आमचा सगळा आराखडा शहरातला होता. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, त्यांच्या कार्यक्रमांबद्दल वाचून, ऐकून आम्हाला हुरूप आला होता. पण ठाण्यातला माणूस कार्यक्रम संपला की लोकलमध्ये चढतो आणि गर्दीत कोणाचा कोण होतो. आमच्याकडे सभागृहातून बाहेर पडणाऱ्याला पानवाला, मेडिकलवाला आणि नणंदेचे सासरे, तिघेही ओळखतात. शहरातला कार्यक्रम उचलून आणता येतो, शहरातलं अनोळखीपण आणता येत नाही.

माझ्या मनात पहिली चलबिचल झाली ती 2019 च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगा आणि कृष्णेनं त्या वर्षी काय केलं ते इकडच्या कोणाला सांगायला नको. पूर ओसरल्यावर शाळेच्या वर्गात आरोग्य शिबिर लागलं होतं. ताप, जुलाब, पाण्यात राहून पायाला झालेल्या चिखल्या. मी केसपेपर लिहायला होते. एक शेतकरी बीपी तपासून गेले आणि थोड्या वेळानं पुन्हा रांगेत दिसले. नंतर परत. बीपी दर वेळी ठीक होतं. शेवटी डॉक्टरांनी पट्टा दंडावर गुंडाळला, पण फुगवला नाही, आणि विचारलं, ‘काका, जनावरं किती गेली?’ मग ते गृहस्थ बोलायला लागले. पट्टा दंडावर तसाच. मागची रांग खोळंबली, पण कोणी कुरकुर केली नाही. बीपी तपासून घेतोय म्हटल्यावर त्यात लाजण्यासारखं काय?

वर्षानुवर्षं आम्ही ज्याच्यासाठी भाषणं लावत होतो ते एका दंडपट्ट्यानं झालं.

यावरून लगेच शहाणपण आलं असं नाही. हळदीकुंकवाची कल्पना आमच्या मंडळात दुसऱ्याच कोणी काढली, आणि मी विरोध केला. माझ्या आईचं कुंकू लवकर गेलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीतल्या बायका नटून जायच्या आणि आई दाराआड उभी असायची, हे पाहत मी वाढले. आपल्या कामासाठी हाच समारंभ वापरायचा? माझं म्हणणं होतं की ज्या बायकांना मानसिक आधाराची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच ज्याचं दार बंद, तिथं आपण पाऊल टाकायचं नाही. हे म्हणणं आजही मला चूक वाटत नाही. पण 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनंही बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या भागात त्याची चर्चा घरोघर झाली. मंडळातल्या एक आजी मला म्हणाल्या, ‘दार बंद आहे म्हणतेस, तर उघड की. बाहेर उभी राहून किती दिवस भांडशील?’

मग संक्रांतीला विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात समारंभ ठेवला. निमंत्रणात स्पष्ट लिहिलं, सर्व बायकांसाठी. पहिल्या वर्षी पाच-सहा जणी भिंतीला टेकून बसल्या, पुढे येईनात. त्याच आजी उठल्या, स्वतः विधवा, आणि भिंतीपाशी जाऊन एकेकीला हळदकुंकू लावत आल्या. दोघी-तिघी सुवासिनी उठून गेल्या. त्यांतली एक पुढच्या वर्षी परत आली. हे सगळं गोडगोड झालं असं मी सांगणार नाही.

मंडपात मानसिक आरोग्याबद्दल एक शब्दही बोलला जात नाही. वाण म्हणून स्टीलची डबी देतो, आणि डबीबरोबर एक कार्ड. कार्डावर रुग्णवाहिकेचा 108, पोलिसांचा 112, वीज तक्रारीचा नंबर, गॅसवाल्याचा नंबर, आणि त्याच रांगेत, त्याच अक्षरात, 14416: झोप, ताण, काळजी यासाठी, मोफत, चोवीस तास, मराठीत. ही टेलिमानस सेवा केंद्र सरकारनं 2022 च्या दहा ऑक्टोबरला सुरू केली. पूर्वी आम्ही नुसत्या हेल्पलाइनची पत्रकं वाटायचो, ती सभागृहाबाहेरच्या गटारात सापडायची. हे कार्ड स्वयंपाकघरात फ्रिजवर लागतं. सासूबाई विचारतात तेव्हा ते गॅसचं कार्ड असतं.

सभामंडपाच्या बाजूला भजनी मंडळाची पेटी-तबला ठेवायची खोली आहे. तिथं बीपी आणि शुगर तपासायची सोय. आशाताई शुगर बघतात, बीपी बघायला आमच्या डॉक्टरबाई. त्या मनोविकारतज्ज्ञ आहेत हे आम्ही लपवत नाही, पण पाटीही लावत नाही. बीपी झालं की त्या सहज विचारतात, झोप कशी आहे? हा प्रश्न कोणताही डॉक्टर विचारतो.

उत्तर ठरलेलं. ‘माझी बरी आहे हो. माझ्या जावेला येत नाही.’

जावेला झोप येत नाही. जावेला पहाटे तीनला जाग येते आणि मग छातीत धडधड होते. जाऊ भाजी चिरता चिरता रडते. जावेला वाटतं की विहिरीकडे जाऊच नये, कारण गेलं तर काय होईल सांगता येत नाही. डॉक्टरबाई ‘कोणती जाऊ’ असं कधी विचारत नाहीत. त्या जावेबद्दलच बोलतात. जाऊबाई जेवतात का, त्यांना घरात कोणाशी बोलता येतं का, विहिरीचं त्यांनी कोणाला सांगितलंय का, आज रात्री त्यांच्या जवळ कोण झोपेल. एकीला जाऊच नव्हती. नवरा एकुलता एक, मला ठाऊक होतं, तिला मला ठाऊक आहे हे ठाऊक होतं. मी शुगरच्या पट्ट्या मोजत बसले.

अशा वेळी दुसऱ्या दिवशी जायचं कुठं, हे तयार नसेल तर कार्यक्रम करू नये, असं माझं आता ठाम मत आहे. मेळाव्यात आम्ही ‘लाज सोडा, उपचार घ्या’ म्हणायचो आणि उपचार होते जिल्ह्याला, दोन एसट्या बदलून. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, कागदावर तो सगळीकडे आहे, पण तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी डॉक्टर बसतील आणि गोळ्या तिथंच मिळतील, यासाठी खेटे घालावे लागतात. ते काम आधी केलं. एक बाई अजूनही जावेच्या गोळ्या न्यायला येतात. केसपेपर मात्र स्वतःच्या नावाचा काढतात. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि आम्ही दाखवून देत नाही.

डॉक्टरबाईंना हे सगळं पटतं असं नाही. त्यांचं म्हणणं, तुम्ही आडोसा देता म्हणजे लाज कायम ठेवता. उघड बोलल्याशिवाय कलंक जाणार कसा? हा आक्षेप मला टोचतो, कारण तो माझाच जुना युक्तिवाद आहे. त्यांनीच मला वाचायला दिलेल्या माहितीत अमेरिकेतल्या पाहण्या होत्या, 1996 आणि 2006 च्या. त्या दहा वर्षांत ‘हा मेंदूचा आजार आहे’ हे मानणारे लोक वाढले, उपचाराला पाठिंबाही वाढला. पण अशा माणसाचा शेजार नको, सोयरीक नको, हे काही कमी झालं नाही. ‘मधुमेहासारखाच हाही एक आजार’ ही आमच्या रॅलीची लाडकी घोषणा. म्हणजे घोषणेनं ज्ञान वाढतं, पण चहाला बोलावणं येत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2022 च्या आयोगानं मग काय उपयोगी पडतं तेही सांगितलं आहे: आजारातून गेलेल्या माणसाशी थेट संबंध, ओळख. त्यावर डॉक्टरबाई म्हणतात, बघा, अशी माणसं समोर आणा.

मीही पूर्वी तेच करायला निघाले होते. दिरांची तब्येत स्थिरावल्यावर मी त्यांना विचारलं होतं, व्यासपीठावरून दोन शब्द बोलाल का? ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही टाळ्या झाल्यावर घरी याल. मला उद्या सकाळी त्याच टपरीवरून दूध आणायचंय.’ तेव्हा मी नाराज झाले होते. आता ते बीपीच्या खोलीत वही घेऊन बसतात. सुंदर अक्षर आहे, पूर्वी भूमापनात होते. टोकन क्रमांक, वरचं, खालचं. नाव लिहायची सक्ती नाही. रांगेतल्या बायकांना ते कोण, त्यांना काय झालं होतं, सगळं माहीत आहे, आणि त्या त्यांना विचारतात, ‘भाऊजी, एकशे चाळीस म्हणजे जास्त का हो?’ आयोगाला अपेक्षित असलेली ओळख ती हीच, असं मी म्हणते. डॉक्टरबाई म्हणतात, अर्धीच. असेल.

आमचा अनुभव गल्लीपुरता, त्यावर सिद्धान्त मांडण्याचा आव मी आणत नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, तो मला जवळचा वाटतो. गावातच छोट्या बैठका, गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, मग गरज लागेल तसा डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणारे तिथं सुरुवातीला 4.3 टक्के होते, दीड वर्षानं 27.2 टक्के झाले. मेळाव्यानं हा आकडा हलला असता असं मला वाटत नाही. अर्थात उरलेल्या सत्तरहून अधिक टक्क्यांच्या जावांचं काय, हा प्रश्न राहतोच.

एक उघडा कार्यक्रम मात्र आम्ही अजून करतो, तो सिनेमाचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ 2004 चा. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पाहायला लोक येतात, आणि नंतर बोलतात ते सोनाली कुलकर्णींनी केलेल्या बहिणीबद्दल. तिचा संसार, तिचा नवरा, तिनं किती करायचं. सांभाळणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलायला मिळतं, तेही सिनेमातल्या बाईच्या नावानं. शिवाय सिनेमाला अंधार असतो. कोण कुठे डोळे पुसतंय ते शेजारच्याला दिसत नाही, आणि आम्ही दिवे लावायची घाई करत नाही.

पुरुषांचं आम्हाला अजून नीट जमलेलं नाही. गणपतीच्या मांडवात बीपीचं टेबल लावतो, तिथं ‘मित्राला’ दारूचा त्रास असतो. त्यापलीकडे गाडी जात नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर कोणी हाती लागत नाही.

सध्या अडचण वेगळीच आली आहे. पूर्वी मेळाव्याला मदत करणाऱ्या एका कंपनीनं यंदा वाणाचा आणि तपासणीचा खर्च द्यायची तयारी दाखवली. त्यांचा माणूस येऊन सगळं बघून गेला. चांगला होता बिचारा. त्याला अहवालात मानसिक आरोग्य जनजागृतीचे फोटो हवे होते, बॅनरसह, आणि लाभार्थ्यांची सह्यांची यादी. फोटो नाहीत, बॅनर नाही, सह्या नाहीत, म्हणून मी हात जोडले. त्यानं डोकं खाजवलं. मग लाभार्थी किती दाखवायचे, कशाचे दाखवायचे? आमच्या खजिनदारबाई तिळगूळ पुड्यांत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘बीपी तपासलेले धरा. आणि प्रत्येकीमागं एक जाऊ.’