फक्त फॅमिलीला

परवा रविवारी दुपारी परत एकदा 'अशी ही बनवाबनवी' लागला होता. 'लागला होता' म्हणायचं ते आपलं म्हणायचं, खरं तर तो लागलेलाच असतो. जेवणं उरकून टीव्ही लावावा तर कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर धनंजय माने आपले हजर. आमच्याकडे त्याची इतकी पारायणं झालीत की एखाद्या पोथीची झाली असती तर आत्तापर्यंत सगळं घर स्वर्गात पोचलं असतं. बायको भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगते, "आता सत्तर रुपयांचा सीन." मुलगी तर सगळे संवाद अशोक सराफच्या दीड सेकंद आधी म्हणते आणि आम्हाला पिक्चर ऐकू देत नाही.

ह्या वेळेला मात्र मला नेहमीसारखं हसू येईना. कारण सांगतो, पण त्याआधी जरा पिक्चरबद्दल.

साल 1988. दिग्दर्शन सचिनचं, लेखन वसंत सबनीसांचं. (मुळात कल्पना 1966 च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, पण आपल्या सिनेमापुढे त्याची आठवण कोण काढतो!) गोष्ट काय, तर पुण्यात चार पोरांना राहायला जागा मिळत नाही. बस्स. खून नाही, खजिना नाही, जत्रेत हरवलेले जुळे भाऊ नाहीत. विश्वास सरपोतदार पोरांना घराबाहेर काढतात, लीलाबाई काळभोरांना भाडेकरू पाहिजेत ते जोडपीच, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती होते आणि सचिनची सुधा. पुढचा सगळा गोंधळ त्या एका अटीमुळे. सरपोतदारांनी 'राहा बाळांनो, पण वेळेवर भाडं द्या' असं म्हटलं असतं तर पिक्चर पंधरा मिनिटांत संपला असता आणि महाराष्ट्राचं अपरिमित नुकसान झालं असतं.

माझी एक थिअरी आहे. (बायकोच्या मते माझ्या सगळ्या थिअऱ्या जेवणानंतरच्या असतात.) आपल्या सिनेमाचा खरा व्हिलन गब्बर नाही की मोगॅम्बो नाही. खरा व्हिलन म्हणजे जागा! 'मुंबईचा जावई' बघा, 1970 चा. नवं लग्न झालेलं आणि चाळीतल्या घरात दोघांना दोन मिनिटं एकांत नाही. बासू चटर्जींनी 1972 मध्ये त्याचाच हिंदीत 'पिया का घर' केला. 1977 च्या 'घरौंदा'त अमोल पालेकर आणि झरीना वहाब पै पै जमवून फ्लॅटला पैसे भरतात आणि ते बुडतात. अगदी अलीकडे, 2018 च्या 'लव्ह पर स्क्वेअर फूट'मध्ये घरासाठी लग्न ठरतं, तर 2023 च्या 'जरा हटके जरा बचके'मध्ये घरासाठी घटस्फोट! म्हणजे पन्नास वर्षांत हिरॉइन्स बदलल्या, कॅमेरे बदलले, जागेचा प्रश्न आहे तिथेच आहे.

अपवाद फक्त श्रीमंत सिनेमांचा. 'कभी खुशी कभी गम'मध्ये शाहरुखला बाप घराबाहेर काढतो आणि पुढे तो राहतो कुठे, तर लंडनमधल्या ऐसपैस घरात. डिपॉझिट किती भरलं, एजंटनं एक महिन्याचं घेतलं की दोन महिन्यांचं, काही काही दाखवलेलं नाही. आमच्यासारख्यांचं सगळं लक्ष तिकडेच असतं हो!

तर आता मूळ मुद्दा. 1995 साली मी कराडहून नोकरीसाठी पुण्याला आलो, तेव्हा माझाही धनंजय माने झाला होता. आम्ही तीन मित्र होतो आणि पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या रिकाम्या असल्याचं कळलं होतं. घरमालक काकांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आम्ही फक्त फॅमिलीला देतो." आता त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. 1947 च्या भाडे कायद्यानं आत शिरलेल्या भाडेकरूला बाहेर काढणं महाकठीण करून ठेवलं होतं आणि दहा-वीस रुपये भाड्यात पिढ्या काढणारी बिऱ्हाडं त्याच वाड्यात होती. माणूस दुधानं पोळला की ताकही फुंकून पितो. पण आम्ही तर ताकसुद्धा नव्हतो, नुसतं पाणी!

मी बेधडक ठोकून दिलं, "माझी आई येणार आहे ना राहायला!"

आणि आईला खरंच घेऊन आलो. एसटीनं. बरोबर स्टोव्ह, पोळपाट-लाटणं, देवांचा फोटो आणि लोणच्याची बरणी. आई आठ दिवस राहिली, दारात रांगोळी काढली, नळावर वाड्यातल्या बायकांशी ओळखी केल्या आणि नवव्या दिवशी 'जरा गावाकडे जाऊन येते' म्हणून गेली ती गेलीच. पुढची दोन वर्षं काका जिन्यात भेटले की विचारायचे, "आई कधी येणार?" मग मी कारणं द्यायचो. शेतीची कामं, आजोबांचा मोतीबिंदू, आत्याचं बाळंतपण. दोन वर्षांत मी आत्याची तीन बाळंतपणं केली. (आत्या, वाचत असशील तर माफ कर.) काकांना कसं बनवलं, ह्या गोष्टीवर मी पुढची कित्येक वर्षं मित्रांच्या बैठका गाजवल्या.

आता फास्ट फॉरवर्ड. कर्ज काढून घेतलेला आमचा वारज्याचा छोटा फ्लॅट गेल्या महिन्यात रिकामा झाला. मी एजंटला फोन केला. भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "आणि हो, फक्त फॅमिलीला." म्हणताना काहीसुद्धा वाटलं नाही. सोसायटीचा तसा नियम आहे, सगळेच तसं म्हणतात, मीही म्हटलं.

दोन दिवसांनी एका मुलाचा फोन आला. नांदेडकडचा, नुकती नोकरी लागलेला, बरोबर दोन मित्र. मी म्हटलं, "सॉरी, बॅचलर्सना देत नाही." तिकडून क्षणभर शांतता आणि मग, "काका, तसं नाही, माझी आई येणार आहे राहायला."

मला जे हसू फुटलं! मी म्हटलं, "अरे बाबा, ही युक्ती आमच्या काळातली आहे." आणि फोन ठेवला.

रविवारी पिक्चर बघता बघता मी हा किस्सा रंगवून सांगितला. 'मला बनवायला निघाला होता, मला!' वगैरे. मुलगी हसली, बायको हसली. आई हसली नाही. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि टीव्ही बघता बघता तिला डुलकी लागते, म्हणून मला वाटलं झोपली असेल. तर ती म्हणाली, "त्या काकूंना ठाऊक होतं रे."

"कुठल्या काकूंना?"

"वाड्यातल्या. मी निघाले त्या दिवशी ओटी भरली त्यांनी माझी. म्हणाल्या, तुम्ही काही परत यायच्या नाहीत ते मला पहिल्याच दिवशी कळलंय. लुगडी दोनच आणलीत तुम्ही. जा निर्धास्त, पोरांकडे मी बघते."

तीस वर्षं! तीस वर्षं मी समजत होतो की मी त्यांना बनवलं. संक्रांतीला येणारी वाटीभर गुळाची पोळी, मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर न मागता आलेला बिनतेलाचा डबा, हे सगळं मी माझ्या खोटं बोलण्याच्या कौशल्याच्या खात्यात जमा केलं होतं. काकाही तो प्रश्न खरंच विचारत होते की माझी गंमत बघत होते, देव जाणे. आता दोघंही नाहीत, विचारायचं कुणाला?

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"त्यांनीच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. तुझा धाक गेला असता ना!"

तिकडे टीव्हीवर सुधीर जोशी (काय माणूस होता! 2005 मध्ये गेला) सरपोतदार होऊन पोरांवर डाफरत होते. इतकी वर्षं मी तो सीन धनंजयच्या बाजूनं बघत होतो. ह्या वेळेला कॅमेरा माझ्याकडे वळल्यासारखं झालं. माझा सदरासुद्धा तसाच होता.

संध्याकाळी त्या मुलाला फोन केला. त्याला आकुर्डीच्या पुढे कुठेतरी जागा मिळाली होती, ऑफिसपासून दीड तासावर. मी म्हटलं, "तिथे आईबद्दल विचारलं नाही का?" तो म्हणाला, "नाही काका, तिथे काहीच विचारलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण ती येणार होती, खरंच. तिचे डोळे दाखवायचे होते पुण्यात."

ह्यावर काय बोलणार? मी म्हटलं, "बरं बरं, काही लागलं तर कळव." असं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

असो. दुसऱ्या दिवशी एजंटला सांगून ते 'फक्त फॅमिलीला' काढायला लावलं. आता येत्या रविवारी सोसायटीच्या कमिटीपुढे उभं राहायचंय. बायको म्हणते, "ते ऐकायचे नाहीत. नियम म्हणजे नियम म्हणतील. काय सांगणार आहेस त्यांना?"

मी विचार करत बसलो होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"नाहीच ऐकलं तर मी जाऊन राहते आठ दिवस. लुगडी ह्या वेळेला चार नेईन."