वरळीच्या चाळीतला पहिला वाढदिवस

कल्याणहून वरळीला रविवारी जायचे म्हणजे मेगाब्लॉक गृहीत धरूनच घर सोडावे लागते. फेब्रुवारी २०२४ मधल्या त्या रविवारीही जलद गाड्या धीम्या मार्गावरून चालल्या होत्या. माझ्या हातात ४० वह्या आणि ४० पेन्सिलींची पिशवी, पत्नीच्या हातात नवा फ्रॉक आणि मुलाच्या काखेत पताकांची गुंडाळी. दादरला उतरून बस धरली. वरळी नाक्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. धाकट्या भावाच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता आणि कार्यक्रम पाचचा होता.

वरळीच्या बी.डी.डी. चाळी आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. ज्यांचा जन्म तिथे झाला नाही, त्यांचे कोणी ना कोणी नातेवाईक तिथे राहिलेले असतातच. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक पॅसेज आणि दोन्ही अंगांना समोरासमोर दारे. या पॅसेजमध्ये भरदिवसा दिवा लावावा लागतो. पण आमच्या पिढीचा अभ्यास, भांडण, कॅरम आणि पाहुण्यांचे झोपणे सगळे इथेच झाले. माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्या काळात आमच्या घरी ज्या दिवशी चूल पेटली नाही, त्या दिवशी समोरच्या दारातून ताट आले, असे आई अजून सांगते.

वाढदिवस या पॅसेजमध्ये करायचे ठरले, पण ते सहजासहजी ठरले नव्हते. महिनाभर आधी भावाचा फोन आला. "दादा, हॉल बघितलाय. पतपेढीतून ५० हजार उचलतोय." भाऊ एका कंपनीत कंत्राटी ड्रायव्हर. मी पडलो कारकून, त्यात बी.कॉम. लगेच कागद-पेन्सिल घेतली. हॉल १८ हजार, १०० ताटे २५० रुपयांप्रमाणे २५ हजार, सजावट १२ हजार, फोटोवाला १० हजार, केक ३ हजार. बेरीज ६८ हजार! कर्ज दोन वर्षांत बारा टक्क्यांनी फेडायचे तर महिन्याला सुमारे २,३५० रुपये हप्ता. म्हणजे मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत तिच्या पहिल्या वाढदिवसाचे हप्ते चालू राहणार. तिला बालवाडीत घालायची वेळ येईल तेव्हा कुठे हे कर्ज फिटणार!

पुढच्या रविवारी वरळीला जाऊन मी हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. वर समाजकार्याची सवय, त्यामुळे उधळपट्टीवर दहा मिनिटे भाषणही झाले. भाऊ खाली मान घालून बसला. भावजय मात्र भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मुलगी झाली तेव्हा चार बायका माझ्याजवळ येऊन 'असू दे, पुढच्या वेळी मुलगा होईल' म्हणून गेल्या. मला त्यांना बोलावून दाखवायचंय की आम्हाला आनंद झालाय. तो आनंद कागदावर कुठे लिहिलाय तुम्ही?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्या बी.कॉम.मध्ये उत्तर नव्हते. सभेत मुला-मुलीच्या समानतेवर बोलणारा मी. घरातल्या मुलीच्या आनंदाची किंमत तेवढी लावायची विसरलो होतो. कर्ज चुकीचे होते, हे आजही मी म्हणेन. पण तिची मागणी चुकीची नव्हती.

मार्ग आईने काढला. "हॉल कशाला पाहिजे? पॅसेज आहे की. तुमच्या दोघांची लग्नं झाली तेव्हा पाहुणे कुठे झोपले होते?"

मग ठरले की कर्ज काढायचे नाही, पण कार्यक्रमात कसर ठेवायची नाही. मजल्यावरच्या वीसही घरांना भावजयीने स्वतः जाऊन आमंत्रण दिले. त्या चार बायकांना सगळ्यांत आधी.

त्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा पॅसेज धुऊन पुसून लख्ख केला होता. मंडळाच्या खुर्च्या आल्या होत्या. समोरच्या घरी पावभाजीचा भला मोठा टोप चढला होता, शेजारच्या घरी खीर आटत होती. मुलांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका आणि दिव्यांच्या माळा लावल्या. तो अंधारा पॅसेज मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. उत्सवमूर्ती मात्र आत पाळण्यात झोपली होती, आणि तिला कोणी उठवायचे नाही अशी आईची सक्त ताकीद होती.

यामागे एक अनुभव होता. आदल्या वर्षी एका नातेवाइकाच्या बाळाचा वाढदिवस हॉलमध्ये झाला. केक रात्री साडेनऊला कापला. मोठा स्पीकर, डोळ्यांवर दिवे, गळ्यात टोचणारे जरीचे कपडे. बाळ रडून रडून झोपी गेले. झोपलेल्या बाळाचा हात धरून केक कापला आणि पाहुणे जेवून गेले. वर्षाच्या बाळाला पाहुण्यांची गर्दी कळत नाही, त्याला आपली झोप आणि आपली माणसे कळतात. म्हणून आमच्याकडे वेळ ठरली ती तिच्या झोपेवरून. साडेतीनला ती उठली, दूध प्यायली, सुती फ्रॉक घातला आणि पाच वाजता हसत बाहेर आली.

आणखी काही गोष्टी भावजयीने नर्सबाईंना विचारून ठरवल्या होत्या. फुगे उंच बांधायचे आणि फुटला तर तुकडे लगेच उचलायचे, कारण लहान मूल रबराचा तुकडा तोंडात घालते आणि तो घशात अडकतो. शेंगदाणे, फुटाणे बाळाच्या हाती द्यायचे नाहीत. फेस उडवण्याचे डबे आणायचेच नाहीत. मेणबत्तीजवळ तो फवारा पेट घेऊ शकतो.

तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे आईने मेणबत्ती लावली. मजल्यावरच्या एका निवृत्त पालिका कामगाराने त्रिसरण-पंचशील दिले. केकवर मेणबत्ती नव्हती. प्रतिमेपुढची ज्योत तेवत राहिली आणि छकुलीने आजीचा हात धरून केक कापला, म्हणजे खरे तर केकमध्ये मूठ घातली. सगळा पॅसेज हसला. त्या चार बायकांपैकी एकीने तिला उचलून घेतले ते सोडलेच नाही. भावजय माझ्याकडे बघून नुसती हसली.

एवढ्यात माझ्या मुलाने विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी असतो?"

आई गप्प झाली. कालकथित वडिलांच्या गिरणीच्या कार्डावर १ जून होता. गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली तारीख. आपल्या किती तरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस असा १ जूनला येतो. आई तर शाळेतच गेली नाही. ती म्हणाली, "माझी आय सांगायची, भातकापणी चालली होती. एवढंच ठाऊक."

पोरांनी तिथेच सभा भरवली. कोकणात भात कापतात ऑक्टोबरमध्ये. मग तारीख कोणती? माझा मुलगाच म्हणाला, "१४ ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिन. विसरायला नको." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सत्तरीच्या माझ्या आईला त्या संध्याकाळी जन्मतारीख मिळाली. त्या वर्षापासून दर १४ ऑक्टोबरला घरात खीर होते.

रात्री मी सवयीने हिशेब केला. केक १,०००, खीर १,५००, पावभाजी २,८००, पताका, फुगे आणि ताटल्या ५००, मुलांना वाटलेल्या वह्या-पेन्सिली १,०००. एकूण ६,८०० रुपये. सुमारे सव्वाशे माणसे जेवली. फोटो पुतण्यांनी मोबाइलवर काढले आणि त्यांतले पंधरा छापून घेतले. या वेळी कागदाच्या तळाशी मी एक ओळ जास्त लिहिली: "आनंद – संपूर्ण मजला." कागद भावजयीला दिला. तिने तो छकुलीच्या जन्मदाखल्यासोबत ठेवला आहे.

पुढे चाळ रिकामी करायची वेळ आली. भाऊ आता भाड्याच्या खोलीत राहतो आणि नव्या घराची वाट बघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. भावाचीही पाळी येईल. ते घर मोठे असेल, उजेडाचे असेल, आणि ते आपल्या माणसांच्या हक्काचे आहे. पण तिथे दारे बंद ठेवायची सवय लागू देऊ नये, एवढे मी भावाला सांगून ठेवले आहे. नव्या घरातल्या पहिल्या वाढदिवसालाही आधी मजल्यावरची सगळी दारे वाजवायची. वह्या घेऊन आम्ही कल्याणहून येतोच. मेगाब्लॉक असला तरी.