बसवत नाही

एसटीतली खिडकीकडची सीट हा माझा लहानपणापासूनचा वीक पॉइंट. वाघोली गेली, शिक्रापूर गेलं, रांजणगावला बसल्या जागेवरून गणपतीला हात जोडले, शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा सुरू. हे सगळं खिडकीला डोकं टेकवून बघत यायचं. त्यासाठी मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली आहे, कॉलेजात असताना एकदा तर चक्क चप्पल टाकली होती.

तर अशा माणसाने ऑक्टोबर २०१८ मध्ये, अर्धी गाडी रिकामी असताना, पुणे ते सुपा हा अख्खा प्रवास उभ्याने केला. म्हणजे बसायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. वाघोलीपर्यंत चार वेळा बसलो आणि पाच वेळा उठलो (हिशोब बरोबर आहे, सुरुवात बसून झाली होती). शेवटी दाराजवळचा दांडा धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर असा झुलत राहिलो. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, मागं सीटा मोकळ्या हायेत की. बसा ना." दादा माझ्यासोबत होता. तो खिडकीबाहेर बघत बसला, जणू आमची ओळखच नाही. त्याला दोष देत नाही. मला तरी कुठे माझी ओळख राहिली होती.

(सुपा म्हटलं की पुण्यातली मंडळी हमखास विचारतात, "बारामतीकडचं का?" ते सुपे. आमचं सुपा पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसी आणि पवनचक्क्यांचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, गाडीच्या दारात उभा राहिलेला पोरगा मात्र अजून "नगर नगर नगर" असंच ओरडतो.)

आधीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. २०१८ च्या पावसाळ्यात मला खात्री पटली की माझ्या कोड रिव्ह्यूवरच्या कमेंट्समध्ये सांकेतिक निरोप आहेत. मग कॉरिडॉरमधली माणसं माझ्याबद्दल बोलू लागली, मग कॉरिडॉर रिकामा असतानाही बोलू लागली. रूममेटने दादाला फोन केला. दादा आला, घेऊन गेला, डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, हे मला पुष्कळ उशिरा सांगितलं गेलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, गोळीने काम केलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते आवाज, शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी हळूहळू बारीक करत न्यावा तसे कमी झाले. आई पहिल्यांदा हसली. आणि त्याच सुमारास पाय सुरू झाले.

हे नेमकं काय असतं ते सांगणं फार कठीण आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. दुखत नाही. पेटका नाही. मुंग्याही नाहीत. जोराची लघवी लागलीय आणि जाता येत नाहीये, तेव्हा माणूस जसा होतो ना, तसं पोटऱ्यांपासून छातीपर्यंत सगळीकडे वाटायचं. चाललं की थोडं उतरायचं, थांबलं की परत भरायचं. टीव्हीसमोर बसलो की दोन मिनिटांत उठायचो. ताटावर बसलो की भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत मांडी तीनदा बदलायचो. रात्री ओसरी ते फाटक बावीस पावलं, फाटक ते ओसरी बावीस पावलं. परतीला एखादं पाऊल जास्त भरलं की पुन्हा मोजायचं. समोर पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे. रात्री दोन वाजता त्या आणि मी, एवढेच जागे.

आई म्हणायची, "आरं बस ना जरा. पायाला भिंगरी लावलीय का?" आजी तर बसल्या-बसल्या पाय हलवणाऱ्याला कायम दटावायची, घरातली लक्ष्मी जाते म्हणून. माझ्या हिशोबाने त्या दोन महिन्यांत आमच्याकडची लक्ष्मी थेट गुजरातेत पोचली असेल.

दादाने डॉक्टरांना फोन केला. काय सांगितलं? "रात्रभर फेऱ्या मारतोय, एका जागी थांबत नाही, घाबरल्यासारखा करतोय." शब्द न शब्द खरा. पण हेच वर्णन मूळ आजार वाढल्याचंही असतं. डॉक्टरांनी डोस वाढवला. आता बघा, ज्या पॅचमुळे सिस्टिम लटकतेय तोच पॅच आणखी जोरात लावला तर काय होईल? तेच झालं. त्या पुढच्या आठवड्याबद्दल एवढंच सांगतो की हे असंच आयुष्यभर राहणार असेल तर नको, असं मला वाटू लागलं होतं, आणि ते मी कुणालाही बोललो नाही. आवाजांनी जे केलं नव्हतं ते पायांनी केलं. आज मागे वळून बघताना सगळ्यांत जास्त भीती मला त्याच आठवड्याची वाटते. कुणी तुमच्या घरात असं चालत असेल तर नुसतं "झोप लागत नाही का?" एवढंच विचारू नका. "जीव नकोसा होतोय का?" हेही सरळ विचारा. विचारल्याने काही बिघडत नाही. बोलायला कुणीच सापडत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर. २०२२ पासून आहे, माझ्या वेळी नव्हती.

मग मी माझ्या अकलेने उपाय केला. गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, आणि मागच्या अंगणात जाऊन कढीपत्त्याच्या बुडाशी थुंकायची. कढीपत्ता जोमात वाढला. माझे पाय आठ-दहा दिवसांत शांत झाले, आई म्हणाली देव पावला. डिसेंबरात रेडिओ पुन्हा लागला, या खेपेला मोठ्याने. त्याचं वर्णन करत नाही. दोन आठवडे वॉर्डात होतो.

जानेवारी २०१९ मध्ये वहिनीने दुसऱ्या डॉक्टर बाई शोधल्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "तुम्हाला बसावंसं वाटत नाही, की बसवत नाही?"

मराठीत एवढा बारीक फरक करता येतो, हे मला तेव्हा कळलं! मी म्हटलं, "बसवत नाही." पुढचा प्रश्न, "चाललं की बरं वाटतं?" हो. "मनात आधी कसली भीती येते आणि मग पाय हलतात, की पाय आधी?" पाय आधी. मग त्यांनी मला दोन मिनिटं खुर्चीत बसवलं, दोन मिनिटं उभं केलं, आणि गप्पा मारत माझ्या पावलांकडे बघत राहिल्या. या तपासणीचीसुद्धा रीतसर पद्धत आहे, १९८९ साली बार्न्स नावाच्या डॉक्टरांनी मोजपट्टी केली. मशीन लागत नाही, रक्त लागत नाही, बघणारा माणूस लागतो.

या त्रासाचं नाव अकॅथिसिया. ग्रीक शब्द आहे, अर्थ सरळ "न बसणे". गंमत म्हणजे हे नाव प्रागच्या हाश्कोवेक नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९०१ साली दिलं, आणि या आजारावरचं पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये वापरात आलं १९५२ साली. म्हणजे शब्द पन्नास वर्षं आधी येऊन गिऱ्हाइकाची वाट बघत होता. आपल्याकडेही शब्द होताच की. "बूड टेकत नाही कार्ट्याचं!" फक्त आपण तो शिवी म्हणून वापरतो, लक्षण म्हणून नाही.

त्या बाईंनी हेही समजावलं की रात्री अंथरुणात पाय वळवळणं, ज्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, ते याचं चुलतभावंड. ते बहुधा संध्याकाळनंतर, आडवं पडल्यावर छळतं. माझं दिवसाढवळ्याही होतं, आणि नुसत्या पायांत नव्हतं, आतून होतं. लोह कमी असेल तर तो रेस्टलेस लेग्जवाला त्रास वाढतो म्हणून रक्त तपासलं, ते ठीक निघालं. गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवला आणि सोबत प्रोप्रॅनोलॉल दिलं, जे एरवी हृदयाचं, बीपीचं औषध. आधी दमा नाही ना, हे दोनदा विचारलं. चार-पाच दिवसांनी मी सकाळचा चहा बसून प्यायलो. पूर्ण कप. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

आमच्या धंद्यात "साइड इफेक्ट" हा शब्द रोजचा. फंक्शनने सांगितलेलं काम तर केलं, पण जाता जाता बाहेरचं काहीतरी बदलून ठेवलं, तो साइड इफेक्ट. त्याला वाईट म्हणत नाहीत, फक्त तो लिहून ठेवावा अशी अपेक्षा असते. माझ्या बाबतीत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हे केवळ सौजन्य नाही बरं का. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्यात उपचारांचे माहीत असलेले साइड इफेक्ट्स रुग्णाला सांगितले जाणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मला पहिली गोळी मिळाली त्याच वर्षी सप्टेंबरात. चार वाक्यं पुरली असती. "पाय स्वस्थ बसणार नाहीत असं वाटलं तर तो आजार नाही, औषध आहे. घाबरू नका. बंद करू नका. मला फोन करा."

मधल्या काळात मामा एक पुडी घेऊन आले होते. "झाडपाला आहे, याला साइड इफेक्ट नसतो." मामांवर माझा जीव आहे, पण हे काही खरं नाही. सर्पगंधा झाडपालाच. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि ते जगभरच्या मनोरुग्णालयांत गेलं. आणि ते घेणाऱ्यांच्या तक्रारी काय होत्या? अस्वस्थपणा, बसवत नाही, उदास वाटतं. मी मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लय वाचतो तू, म्हणून झालं तुला." आता बोला!

एप्रिलमध्ये गावात सप्ता होता. तोवर त्रास पुष्कळ उतरला होता, तरी कीर्तनाला दीड-दोन तास मांडी घालून बसणं शक्य नव्हतं, आणि मागे उभं राहिलं की लोक वळून बघायचे. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. तेव्हा दादाने, तोच एसटीत खिडकीबाहेर बघणारा, परस्पर माझं नाव विण्याच्या पहाऱ्याला लावून टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्त्यात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात. आणि आमच्याकडे विणेकऱ्याने उभंच राहायचं, पावलं टाकत, झुलत. रात्रीचा पहारा मला चालण्यासारखा नव्हता, झोप मोडायची नाही अशी सक्त ताकीद. म्हणून दुपारी दोन ते चार, उन्हाच्या कडाक्यातला, जो कुणालाच नको असतो. दोन तास मी विठ्ठलाच्या तसबिरीसमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतो आणि एकाही माणसाने मला "बस" म्हटलं नाही. उलट एका म्हाताऱ्या बाबांनी पाया पडून दहा रुपये ठेवले.

दादाशी त्यावर कधीच बोलणं झालं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

पुढे औषध बदललं. आता जे घेतो त्याने पाय बरेचसे स्वस्थ असतात, पण वजन चौदा किलोंनी वाढलं आहे, आणि सकाळी नऊच्या आधी माझ्याशी झालेलं कुठलंही बोलणं कायदेशीर धरू नये. वर्षातून दोनदा साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतो. स्टँडअप मीटिंग साडेदहाला घ्या, एवढंच टीम लीडला सांगितलं आहे, कारण सांगितलेलं नाही. (स्टँडअप खरोखर उभ्याने करणारा टीममधला मी एकटाच.) एका वहीत तारीख, डोस, झोप आणि पाय असे चार रकाने आहेत. पायाला शून्य ते पाच मार्क. डॉक्टर बाईंना माझ्या शब्दांपेक्षा ती वही जास्त आवडते. "देवराई" मी शेवटी पाहिला, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, अतुल कुलकर्णी असलेला, २००४ चा. तीन वेळा पॉज करून अंगणात चक्कर मारून आलो. तिसऱ्यांदा मात्र पायांसाठी नव्हे.

गोळी बंद करावी असं अजूनही महिन्यातून एकदा वाटतं. तेव्हा कढीपत्त्याकडे बघतो. चांगला माणसाएवढा झालाय.

मागच्या शनिवारी घरी जाताना खिडकी मिळाली. रुमाल न टाकता. शिक्रापूर गेलं, रांजणगावला हात जोडले, शिरूरपर्यंत बसून होतो. पूल ओलांडल्यावर डाव्या पोटरीत जरासं सुरू झालं, तसा उठून दाराजवळ जाऊन उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काय झालं? जागा सोडली?"

म्हटलं, "सुप्याला उतरायचंय. आलंच जवळ."