अल्मोड्याहून अण्णांना

अल्मोडा, सोमवार

ती. अण्णांस सा. न. वि. वि.,

काठगोदामला रेल्वे संपली नि पुढे जीपने नव्वदेक किलोमीटर नुसती वळणं. पोटातलं सगळं भवालीच्या घाटात सोडून आले, बाकी खुशाल.

इथल्या पर्यावरण-शिक्षणाच्या शिबिरात निम्मे शिक्षक, निम्मे युवक मंडळांचे कार्यकर्ते. आज डोळे बांधून झाडाला मिठी मारायला लावलं. तुम्ही असतात तर गुपचूप चहाला सटकला असतात. झाड चिडाचं, म्हणजे पाइनचं; साडीला राळ लागली ती काही निघत नाही. शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण हवं, असं २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे. ते तास असेच जाणार असतील तर कठीण आहे.

बुधवार

अण्णा, आज मात्र मन लागलं. इथल्या डोंगरी शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी उत्तराखंड सेवा निधीने ‘हमारी धरती हमारा जीवन’ ही पुस्तकं केली. त्यांत मुलांनी आपल्याच गावाचा हिशेब मांडायचा: सरपण किती लागतं, चारा किती, नि जंगल तेवढं देऊ शकतं का. तोच धडा आम्ही गिरवला. उतारावरून गवताचा भारा घेऊन एक बाई येत होत्या. त्यांना विचारून भारा तानकाट्याला अडकवला. २८ किलो! “तोलताय तर पैसेही द्या,” त्या म्हणाल्या.

मग दोन झाडांखाली हातांनी उकरायला सांगितलं. चिडाखाली सुकलेल्या सुयांचा थर, त्याला इथे पिरूल म्हणतात. त्यावरून पाय घसरतो, नि उन्हाळ्यात तो थर भसकन पेटतो. त्याखाली कोरडी, पिवळट माती. बांजाखालची, म्हणजे इथल्या ओकखालची, काळी, मुठीत दाबली की लाडू वळावा तशी. बांजाचा पाला गुरं खातात, सरपणही त्याचंच चांगलं. सांगणाऱ्याने यातलं आधी काहीच सांगितलं नाही, आणि आम्हा मास्तरांची तीच पंचाईत! माझ्या शेजारच्या गुरुजींनी उकरायच्या आधीच वहीत ‘निष्कर्ष’ लिहून ठेवला होता.

शुक्रवार

शाळेच्या कपाटातला तानकाटा मी सुट्टी संपताच बाहेर काढणार. पोरांना ओढ्यापर्यंत न्यायचं तर पालकांची संमतिपत्रं, वर केंद्रप्रमुखांना फोटो; तेही करू. इथे झऱ्याखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघतात. आपल्या वाडीच्या झऱ्यावर तुमच्या लहानपणी मे महिन्यात हंडा किती वेळात भरायचा, ते आठवून लिहून ठेवा. आजीच्या मैत्रिणी आहेत तोवर त्यांनाही विचारा. गाडी रविवारी रात्री पोचेल, स्टेशनवर येऊ नका.

आपली,
सुमन