ते चार दिवस

आपल्या वसतिगृहाच्या कार्यालयात ‘बाहेर जाणे-येणे’ अशी नोंद करण्याची एक जाड वही आहे. मार्च २०२०च्या तिसऱ्या आठवड्यातील तिची पाने आजही पाहण्यासारखी आहेत. एरवी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले जातात तेव्हा पालकांच्या सह्यांपुढे परत येण्याची तारीख लिहिलेली असते. त्या आठवड्यात मात्र तो रकाना कोराच राहिला. घाईघाईत केलेल्या सह्या, काही ठिकाणी अंगठे, आणि पुढे काहीच नाही. शासनाचा आदेश आला, पालकांना दूरध्वनी गेले आणि दोन दिवसांत वसतिगृह ओस पडले. मागे राहिली ती दहावीची मुले, कारण त्यांचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि अखेर रद्दच झाला. भूगोलाचा मी शिक्षक. वर्षभर घासून घेतलेली उजळणी अशी वाया गेल्याचे मला त्या वेळी वाईट वाटले होते, हे आज सांगताना संकोच वाटतो. दुःख कशाचे करावे याचा अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता.

दहावीची मुले गेल्यावरही सहा मुले राहिली. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, आणि टाळेबंदी लागली तेव्हा ते कारखान्यांच्या तळांवरच अडकून पडले होते. मुलांना पाठवायचे कोणाकडे? मग मी, रखवालदार आणि स्वयंपाकघरातील मावशी अशा तिघांनी त्या सहा जणांना सांभाळले. मावशी आपल्याकडे अठरा वर्षे होत्या. माजी विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सांगायची गरज नाही, आणि त्यांच्या घरच्यांच्या इच्छेनुसार मी ते येथे लिहीतही नाही. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती राज्यभर घराघरांत साजरी झाली. आपल्या सभागृहात त्या दिवशी सहा मुले, तीन मोठी माणसे आणि मावशींनी केलेली खीर एवढाच सोहळा होता. पुढे एप्रिलच्या मध्यास ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी जाऊ देण्याची परवानगी मिळाली आणि ती मुलेही गेली.

पहिल्या लाटेत साथ आपल्यापासून दूर आहे असेच वाटत असे. मुंबई, पुणे, मालेगाव ही नावे वर्तमानपत्रात येत. आपल्या गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, बैलगाड्या आडव्या लावल्या. शिर्डीचे मंदिर १७ मार्चलाच बंद झाले होते. कोपरगावपासून ते अवघ्या पंधरा किलोमीटरांवर. आपल्या तालुक्यातील कितीतरी तरुण तेथील हॉटेलांत आणि दुकानांत कामाला होते आणि परिसरातील गुलाब त्या मंदिराच्या भरवशावर फुलत होता. रोग येण्याआधी आपल्याकडे बेकारी आली, असे म्हटले तरी चालेल. मे महिन्यात शहरांतून माणसे परतू लागली तेव्हा त्यांना वेगळे ठेवण्यासाठी शाळांच्या खोल्या घेण्यात आल्या. आपले वसतिगृहही त्यात होते. मुलांच्या खाटांवर मोठी माणसे निजली आणि मावशी पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. कोणी पत्रावळी उचलायला तयार नव्हते, त्या उचलीत होत्या.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आम्ही शिक्षक, आशाताई आणि गावातील स्वयंसेवक मिळून घरोघर जात असू. हातात तापमापक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. प्रश्न साधे होते : ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा कोणी आहे का? उत्तरही बहुधा एकच मिळे : “आमच्याकडं कुणाला काय नाय, सर.” आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत असतानाही हेच उत्तर. आम्ही समजावत असू की लपवू नका, पहिल्या आठवड्यात कळले तर माणूस वाचतो. मी हे अत्यंत आत्मविश्वासाने सांगत असे. लोक अडाणी आहेत म्हणून लपवतात, अशी माझी समजूत होती. त्यांची कारणे मला नंतर कळली. सोयाबीन काढणीला आलेले असते. घरातला एक गेला की बाकीच्यांना चौदा दिवस कोंडून ठेवतात, मग दूध कोण घालणार? आणि गाडी येऊन आईला घेऊन जाते, ती परत येईल तेव्हा कोणत्या अवस्थेत येईल, हे कोण सांगणार?

माझी आजी ‘मानमोडी’ची गोष्ट सांगत असे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे हे नाव पडले होते. तो रोग जूनमध्ये मुंबईत उतरला आणि सैनिकांबरोबर, गाड्यांबरोबर आत शिरला. दौंड-मनमाड लोहमार्ग कोपरगावावरून जातो, म्हणजे त्याला वाट तयारच होती. त्याच वर्षी पाऊसही गेला. १९११ ते १९२१ या दशकात आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या एक-पंचमांशाहून अधिक घटली. साथ आणि दुष्काळ यांनी मिळून केलेला तो संहार होता. आजीच्या सांगण्यात मात्र आकडे नसत. एका घरातून निघालेली तिरडी स्मशानात पोचेपर्यंत दुसऱ्या घरात रडणे सुरू होई, एवढेच ती सांगे. मुलांना हा भाग शिकवताना मी ‘त्या काळी औषधे नव्हती’ असे म्हणून पुढे जात असे.

दुसरी लाट रेल्वेने आली नाही; ती आमच्या एकत्र येण्यातून आली. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. पाठोपाठ लांबलेली लग्ने उरकली गेली. दशक्रिया, जलदानविधी, वास्तू, बारसे, काहीच थांबले नव्हते. या विषाणूची खोड अशी की लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस तो वाटू लागतो. शहरात एका माणसामुळे एक घर आजारी पडत असेल; आपल्याकडे घर म्हणजे दोन खोल्या, त्यांत तीन पिढ्या, आणि बाहेरच्या पडवीत दिवसभर येणारी-जाणारी माणसे. ताप आला की प्रथम गावातल्या डॉक्टरांकडे जायचे, सलाईन लावून घ्यायचे, ‘टायफॉईड निघाला’ असे म्हणत पाच-सहा दिवस काढायचे आणि दम लागला की तालुक्याला निघायचे, असा क्रम घरोघर चालला होता. तोपर्यंत घरातील सगळेच बाधित झालेले असत.

रुग्णालयांवर काय ताण आला, हे पुढच्या पिढीतील मुलांना कळावे म्हणून थोडा हिशेब मांडतो. साधारणपणे ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचे असते. बाळंतपणे, सर्पदंश, अपघात यांसाठी ते उभारलेले. त्याच्यापुढे उपजिल्हा रुग्णालय आणि मग नगरचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे कोपरगावहून शंभरेक किलोमीटर. प्राणवायूच्या एका मोठ्या सिलिंडरात सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. मध्यम आजारी माणसाला मिनिटाला दहा लिटर लागले, तर तो साडेअकरा तास पुरतो. पंधरा लिटर लागले, तर आठ तासही पुरत नाही. तीसही खाटांवर असे रुग्ण असतील, तर दर तेवीस-चोवीस मिनिटांनी एक सिलिंडर रिकामा होणार, दिवसाला साठावर. हे सिलिंडर भरून आणायचे दुसऱ्या गावाहून, आणि तेथेही दहा रुग्णालयांच्या गाड्या रांगेत. औषध, डॉक्टर, परिचारिका यांची गोष्ट तर वेगळीच. जी व्यवस्था शांततेच्या दिवसांतही जेमतेम पुरत होती, तिच्यावर एका महिन्यात हा भार पडला. उस्मानाबाद जिल्ह्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पातच फेरफार करून प्राणवायू निर्माण केला, अशी बातमी आली तेव्हा आम्हा साखरपट्ट्यातील माणसांना तिचे मोल लगेच समजले.

१४ एप्रिल २०२१च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. माझी नेमणूक तेव्हा मदतकक्षात दूरध्वनीवर होती. समोर कागदावर रुग्णालयांची नावे आणि रिकाम्या खाटांची संख्या. ती बहुतेक वेळा शून्य असे. लोक विचारीत, “सर, ऑक्सिजनचा बेड आहे का?” मी ‘थोड्या वेळाने कळवतो’ असे म्हणत असे. पहिले दोन दिवस मी खरोखर कळवण्याचा प्रयत्न केला. नंतर ते वाक्य तोंडात बसले.

१७ एप्रिलला माझी आई खोकू लागली. ती अडुसष्ट वर्षांची. साठीपुढच्यांना मार्चपासून लस मिळत होती, पण ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ करता करता राहून गेले होते. पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलेली. घरात आम्ही दोघेच. आई म्हणाली, “कुणाला सांगू नको रे. दारावर पट्टी लावतील, मला उचलून नेतील. तिथं मला पाणी कोण देणार?” ज्या प्रश्नाला मी शेकडो दारांत उत्तर दिले होते, त्यापुढे मी गप्प बसलो. मला खाटांची संख्या ठाऊक होती, तपासणीचा अहवाल यायला किती दिवस लागतात हेही ठाऊक होते. नाव नोंदवून तरी काय होणार, असे मी स्वतःला समजावले. वस्तुतः मला भीती वाटत होती. चार दिवस मी कोणालाही सांगितले नाही. त्यांतले पहिले दोन दिवस तर मी मदतकक्षातही जाऊन बसलो.

मावशी आमच्याच गल्लीत राहत. घरात बाईमाणूस नाही हे त्यांना माहीत होते. त्या रोज सकाळी दोन भाकरी आणि कालवण घेऊन येत. “सर, तुमी कामाला जावा, मी बघते आजीकडं,” असे म्हणून आईजवळ बसत, तिचे पाय चेपून देत. त्यांनी एकदा विचारलेही, “खोकला लई झालाय, काय व्हतंय आजीला?” मी म्हणालो, “काही नाही मावशी, हवा बदललीय.” हे माझे शब्द आहेत. ते मी विसरलेलो नाही.

२१ तारखेला दुपारी ऑक्सिमीटरवर ८६ हा आकडा दिसला. मोहिमेत ९५च्या खाली आकडा गेला की घाबरून जाणारा मी, तो आकडा पाहून आधी बोट पुसले आणि पुन्हा लावले. आता मीच दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला होतो आणि माझे सहकारी मला ‘थोड्या वेळाने कळवतो’ म्हणत होते. त्याच दुपारी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन बावीस रुग्ण दगावल्याची बातमी आली. रुग्णवाहिकेच्या चालकाने ती मला सांगितली आणि लगेच म्हणाला, “आपण तिकडं नाय जात.” रात्री साडेअकराला शेजारच्या तालुक्यातील एका खासगी रुग्णालयात खाट मिळाली. ती कोणी तरी गेल्यामुळे रिकामी झाली होती. चादर बदलली जात असताना आई दारात चाकाच्या खुर्चीवर बसून होती. छातीच्या स्कॅनमध्ये पंचवीसपैकी चौदा गुण आले. परीक्षेतील गुण मोजण्यात आयुष्य घालवलेल्या मला पहिल्यांदाच कमी गुण हवेसे वाटले.

तेथील परिचारिका आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनीच्या वयाची असेल. नखशिखांत झाकलेली, फक्त डोळे दिसत. आत आम्हाला प्रवेश नव्हता. आईला पालथी झोपवणे, पाणी पाजणे, वेणी घालणे सारे तिनेच केले. आपण परिपाठात महावग्गातील ती गोष्ट दर वर्षी सांगतो : अतिसाराने पडलेल्या भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन-पुसून खाटेवर निजवले. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्याकडून तिच्यातील दुर्गंधी निघून गेली होती. त्या रुग्णालयाच्या दाराशी उभे राहिल्यावर ती परत आली.

आई ४ मे रोजी घरी परतली. मावशी २५ एप्रिललाच तापाने पडल्या होत्या. त्यांच्या मुलाने मात्र काही लपवले नाही. पहिल्याच दिवशी तपासणी केली, कोविड केंद्रात नेले, तेथून ग्रामीण रुग्णालयात, तेथून नगरला. जे करायला मी लोकांना सांगत होतो ते सगळे त्याने केले. ६ मे रोजी मावशी गेल्या. त्यांना मधुमेह होता. सर्वेक्षणाच्या कागदावर मीच तशी खूण केली होती. अंत्यसंस्कार नगरलाच झाले. मुलाने ते लांबून पाहिले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले आणि यथावकाश वसतिगृहही भरले. मुले दीड वर्षात इतकी वाढली होती की खाटा पुरेनात. स्वयंपाकघरात नव्या ताई आल्या. पहिल्या दिवशी एका मुलाने रांगेतून विचारले, “मावशी कुठंय?” त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वसतिगृहाच्या वाटचालीवर लिहावे असे ठरले होते. लिहायला बसलो आणि हे उतरले. छापायला देण्याआधी मी मावशींच्या मुलाकडे गेलो. ते चार दिवस, आईचा खोकला, ‘हवा बदललीय’ हे माझे वाक्य, सारे त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, त्या आठवड्यात आई लसीच्या रांगेत उभी व्हती. किराणा आणायला गेली व्हती. मी बी कामावरून येत व्हतो. कुठून आला त्ये आता कोण सांगणार?” थोडे थांबून पुन्हा म्हणाला, “पण तुमी तवा सांगितलं असतं तर ती तोंडाला पदर तरी लावून बसली असती.”

त्याच्या बायकोने चहा आणला. तो प्यायलो. निघताना त्याने मुलीच्या पाचवीच्या प्रवेशाचे विचारले. मी म्हणालो, “जूनमध्ये दाखला घेऊन ये.” तिची खाट खिडकीजवळची असावी, असे तो म्हणाला. मी वहीत तशी नोंद केली आहे.