आतला भाता

माझ्यासमोरच्या कीबोर्डला ६१ पट्ट्या आहेत आणि स्वतःचा आवाज एकही नाही. वीज जोडून पट्टी दाबली तरी प्लॅस्टिकची टकटक तेवढी ऐकू येते. ही मुकी वस्तू फक्त आकडे पाठवते: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. जोर मोजायला तिच्याकडे ० ते १२७ एवढीच मापं. बोट हलकं पडलं तर ४०, त्वेषानं पडलं तर ११०. हे आकडे वायरीतून लॅपटॉपात जातात. तिथे कुणा अनोळखी वादकानं कुठल्याशा स्टुडिओत एकेक स्वर वाजवून ठेवलेली सनई निजलेली असते. आकडे पोचले की ती उठते, आणि मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, स्टेजवर सनईवाला आलाय. तो टाचा उंचावून सनईवाला शोधतो. त्याला दिसतो तो खाली मान घातलेला एक मनुष्य आणि पडद्याचा निळसर उजेड. तो मनुष्य मी.

ही फसवणूक मी सुरू केलेली नाही. ‘नागिन’ सिनेमातल्या ज्या बीनवर १९५४ साली अख्खा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. तेव्हापासून आपण गारुडी शोधतोच आहोत.

आमच्याकडे हा धंदा यात्रांवर चालतो. बाहेरच्यांना कोरेगाव म्हटलं की भीमा कोरेगाव आठवतं, नाहीतर पुण्यातलं कोरेगाव पार्क. आमचं कोरेगाव साताऱ्याहून पंढरपूरकडे निघालं की लागतं. पुणे-मिरज रेल्वेवरचं स्टेशन, आलं आणि वाघ्या घेवडा पिकवणारा तालुका. पाडवा झाला की गावोगाव छबिना, कुस्त्यांचा फड, एक रात्र लोकनाट्य, एक रात्र ऑर्केस्ट्रा. त्या एका रात्रीत लावणी, भक्तिगीत, हिंदी गाणी आणि सरपंचांच्या पाहुण्याची फर्माईश, सगळं बसवायचं. पूर्वी स्टेजभर वादक लागत. आता गाणारे सोडले तर ऑक्टोपॅड, ढोलकी आणि मी. बाकीची मंडळी तुझ्या लॅपटॉपात असतात, असं आमचा ढोलकीवाला म्हणतो; त्यांच्या जेवणाचा खर्च वाचतो, असंही म्हणतो.

मुलूख मात्र असल्या वाद्याला साजेसा मुळीच नाही. पूर्वेला औंध, गजाननबुवा जोशींचं. तिथे अजून संगीत महोत्सवाला माणसं मांडी घालून रात्र जागवतात. रेल्वेनं खाली उतरत गेलं की मिरज. भोपळे वाळवून तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांनी बिऱ्हाड केलं ते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. जवळच कवलापूर, काळू-बाळूच्या तमाशाचं. या सगळ्यांच्या मधोमध मी लॅपटॉपचं झाकण उघडून बसतो, तेव्हा कुणाचा तरी डोळा चुकवल्यासारखं थोडं वाटतंच.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे आण्णा आहेत. एका दुपारी ते आमच्या तालमीला येऊन बसले. सगळं गाणं शांतपणे ऐकलं. मग उठून कीबोर्डच्या मागे वाकून बघितलं, खाली बघितलं.

“आरं, भाता कुठाय ह्येचा?”

“भाता नाही आण्णा ह्याला.”

“मग हवा कोन देतंय?”

यावर सगळे हसले. मीही हसलो असेन. पण प्रश्न बरोबर होता, आणि लॅपटॉपवर वाजवायची जुळणी म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधत बसणं, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

वरवर पाहता जुळणी सोपी. मिडी नावाचा करार १९८३ साली झाला, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड कुठल्याही यंत्राशी आकड्यांत बोलू शकतो. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ साली व्हीएसटी आणलं आणि पुढे वाद्यच सॉफ्टवेअर झालं. अशी अनेक वाद्यं एका छताखाली सांभाळणारा एक प्रोग्राम लागतो. ॲपलवाले २००७ साली आलेलं मेनस्टेज वापरतात, विंडोजवाले गिग परफॉर्मर किंवा कँटाबिले. लॅपटॉपातून निघालेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायला ऑडिओ इंटरफेस, तिथून साउंडवाल्याच्या मिक्सरकडे. पण हे वायरींचं झालं. हवेचं काय?

त्यासाठी आण्णांचीच पेटी उघडून बघावी लागली. आपण बघतो तो बाहेरचा भाता. डाव्या हातानं तो उघडतो-मिटतो. त्याच्या हवेनं थेट सूर वाजत नाहीत. ती हवा पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात जाते, स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या. बाहेरचा हात धक्क्याधक्क्यानं चालतो, आतला भाता ते धक्के पोटात घालतो आणि सुरांना सारखी हवा पुरवतो. म्हणून बाहेरचा भाता मिटून पुन्हा उघडेपर्यंतही स्वर तुटत नाही.

लॅपटॉपातही असा एक आतला भाता असतो. त्याला बफर म्हणतात. प्रोसेसरचं कामही धक्क्याधक्क्यानं चालतं. मध्येच त्याला दुसरं काही सुचतं. म्हणून तो आवाजाचे थोडे तुकडे आधी तयार करून साठवतो आणि साठ्यातून सारखा पुरवठा करतो. साठा मोठा ठेवला तर आवाज तुटत नाही, पण बोट पडल्यावर उशिरा येतो. लहान ठेवला तर लगेच येतो, पण प्रोसेसर जरा अडखळला की स्पीकरमधून चरचर. सेकंदाला ४४,१०० तुकड्यांच्या हिशेबानं ५१२ तुकड्यांचा साठा म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशीर, १२८ म्हणजे तीनला जरा कमी. हे आकडे मला अंतरात मोजायला आवडतात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ५१२वर माझं वाद्य माझ्यापासून चार मीटरवर ठेवलेलं असतं, १२८वर एका मीटरवर. इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर वर धरायचा. संथ भक्तिगीताला चार मीटर चालतात. लावणीत ढोलकीवाला तोडा टाकतो आणि समेवर मला त्याच्याबरोबर पडायचं असतं, तेव्हा चार मीटर म्हणजे शिवेपलीकडचं शेत.

एवढं समजलं की मग ६४वर का नाही, अर्धाच मीटर? कारण चैत्रातलं ऊन. पत्र्याखालच्या स्टेजवर दुपारी ध्वनिचाचणीला बसलं की लॅपटॉप तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. घरी पंख्याखाली ६४वर सुरळीत चाललेलं गाणं तिथे तडतडायला लागतं. म्हणून १२८ ठरवायचे, वाय-फाय बंद, आपोआप होणारे अपडेट बंद, वीज वाचवायची सगळी सोय बंद, आणि गाण्यांना लागणारे सगळे आवाज आधीच मेमरीत भरून ठेवायचे. हजारो आवाजांच्या साठ्यातून कार्यक्रमाला न्यायचे मूठभर. नवशिका किती आवाज आहेत ते सांगतो. जुना काय काढून टाकलं ते सांगतो.

उरला बाहेरचा भाता. त्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला तीच जास्त प्रिय आहे.

पेटीवर पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाजात फरक पडत नाही. लहानमोठेपण भात्यातून येतं. पेटीवर वाढलेला हात पियानोच्या आवाजावर बसला की म्हणून गडबडतो: बोटांना जोराची सवय नसते, आणि डावा हात भाता शोधत हवेत राहतो. उलट लॅपटॉपातल्या पेटीला जोराचे आकडे दिले तर ती पेटी राहत नाही, पेटीचं सोंग होतं. म्हणून त्या आवाजापुरता बोटांचा जोर मी बंदच करून टाकला आहे. कसंही दाबा, एकच आकडा. आणि हवा दिली पायाकडे. मिडीच्या यादीत ११व्या क्रमांकावर एक्स्प्रेशन आहे. ते पायाखालच्या पेडलला जोडायचं. नुसता आवाज लहानमोठा करून भागत नाही, कारण हवेचा दाब वाढला की सुराचा पोतही बदलतो, जरा धारदार होतो. म्हणून त्याच पेडलला एक फिल्टरही बांधला: पाय दाबला की आवाज मोठा आणि थोडा उघडा. हे प्रमाण बसवण्यात माझा वेळ गेला तेवढा कुठल्याच गाण्यात गेला नसेल.

पायानं हवा देणं तसं नवं नाहीच. संगीत नाटकाच्या पडद्यापुढे जो ऑर्गन वाजत असे, त्याचे भाते पायांनीच चालत आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यातले टेंबे कोल्हापूरकडचे, पेटीवरचे मातब्बर. साथीच्या वाद्यानं गाणाऱ्याच्या मागून श्वास घेत चालायचं असतं, हे या भागातल्या कानांना तेव्हापासून ठाऊक आहे. माझ्या पेडलची मुळं मला ॲपलच्या कॅलिफोर्नियापेक्षा तिथे दिसतात. मुळं आपल्या सोयीनं शोधायची असतात, हेही मान्य.

आणि मोकळा झालेला डावा हात? १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, ते पुढे सुमारे तीस वर्षं. मुख्य तक्रार ही, की तिला मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर ती उडी मारते, घसरत जात नाही. आता माझ्या डाव्या हाताखाली पिच-बेंडचं चाक आहे, आणि जोराला जिथे १२८ पायऱ्या, तिथे या चाकाला मिडीनं १६,३८४ दिल्यात. हवा देणारा हात आता मींड देतो. ज्या उणिवेपायी पेटी तीस वर्षं दाराबाहेर राहिली ती एका चाकानं भरून निघावी, याची मला गंमत वाटते आणि आण्णांना राग येतो. पेटीतून मींड काढली तर ते मान फिरवतात. सनईतून काढली तर चालते. त्यांचं बरोबर आहे. पेटीनं उडीच मारावी.

श्रुतींचंही असंच. आपल्या कानाला गोड लागणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा खाली असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भाग खाली. डॉ. विद्याधर ओकांनी त्यासाठी बावीस श्रुतींची पेटीच घडवली. लॅपटॉपात एक तक्ता भरला की काम होतं, पण तो तक्ता षड्जाला बांधलेला. गायक काळी एकचा आहे म्हणून बसवला, आणि पुढचं गाणं काळी चारवाल्या गायिकेचं लागलं तर अख्खा तक्ता फिरवायला हवा, नाहीतर गोड गंधार भलत्याच स्वराला चिकटतो. यात्रेच्या स्टेजवर शेजारी गिटार असेल तर हा खटाटोप करूच नये.

यात्रेत खरी भीती विजेची. लॅपटॉपचा चार्जर लावला आणि अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून घुंघुं सुरू होते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा चढी. न मागता मिळालेला बेसूर तंबोरा! जनरेटरवर असलो तर बाहेर पाळणे सुरू झाले की तो सूर हलतोही. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स असेल तर त्यावरचं ग्राउंडचं बटण उचलायचं. नसेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवायचं. २००० सालच्या नियमांनी रात्री दहाला भोंगे बंद, त्यामुळे लॅपटॉप पुन्हा सुरू करत बसायला वेळ मिळत नाही. म्हणून शेजारी स्वतःचा आवाज असलेला साधा कीबोर्ड चालू ठेवलेला असतो. आणि प्रोग्रामात एक बटण असतं, त्याचं नावच ‘पॅनिक’. एखादा स्वर अडकून वाजतच राहिला की ते दाबायचं, सगळे स्वर गप्प. एवढ्या प्रामाणिक नावाचं बटण मी दुसऱ्या कुठल्या यंत्रावर पाहिलेलं नाही.

हल्ली आण्णा मधूनमधून तालमीला येतात. एकदा खुर्ची ओढून त्यांनी स्वतः पाय ठेवून बघितला. उजव्या हातानं एक गवळण वाजवली, पाय वरखाली केला, आवाज आला-गेला, पण चेहरा काही खुलला नाही. “लई हलकं हाय,” म्हणाले. “हवेला वजन असतंय गड्या. भात्याला हात लावला की त्यो उलटा ढकलतोय.” हा मुद्दा माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. पेडल कुठेही ठेवा, तिथेच बसून राहतं, परत ढकलत नाही.

पेडलच्या बुडाला ताण वाढवायचा एक स्क्रू आहे. तो शेवटपर्यंत पिळला आणि खाली सायकलच्या कॅरियरची जुनी स्प्रिंग अडकवली. आता पाय काढला की पेडल आपोआप वर येतं आणि आवाज मिटतो; दाबून धरायला खरंच जोर लागतो. भजनाला झकास. लावणीच्या तिसऱ्या कडव्याला मात्र पोटरी भरून येते, म्हणून ढोलकीवाल्यानं सुचवलंय की लावण्या एकापाठोपाठ एक न लावता मध्ये एखादं बासरीचं गाणं टाकावं. पुढच्या यात्रेची यादी त्या हिशेबानं फिरवायला घेतली आहे.