कौसल्येचा आवाज

माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टर असूनही मी इतर मुलांप्रमाणेच गोंधळून गेलो. सकाळी काय खाल्ले ते तिला दुपारी आठवत नसे. तिन्हीसांजेला ती अस्वस्थ होई आणि ‘मला घरी जायचंय’ असा ध्यास घेई. स्वतःच्याच घरात बसून घरी जायचे म्हणणाऱ्या माणसाची समजूत कशी घालावी, हे मला कोणी शिकवले नव्हते.

अशाच एका संध्याकाळी मला गीतरामायणाच्या सीडींचा संच आठवला. गीतरामायणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे 2005 साली, मी तो आईसाठी आणला होता. संच लावला. आई काही काळ शांत बसली. पण कौसल्येचे गीत सुरू होताच चिडली. “ही कौसल्या नव्हे रे! कौसल्येला पुरुषाचा आवाज कसा?” मी ते बोलणे आजाराच्या खाती जमा केले आणि आवाज वाढवला. ती अधिकच बिथरली.

पुढे मावशीने फोनवर सांगितले तेव्हा उलगडा झाला. आईचे माहेर माधवनगरातच, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा आई चौदा वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता, म्हणून दोघी बहिणी शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. कवी ग. दि. माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातल्या माडगूळचे, याचा त्या ओसरीला कोण अभिमान! वर्षभरात 56 गीते झाली, आणि ती अनेकांनी गायिली होती. राम सुधीर फडके यांच्या आवाजात, सीता माणिक वर्मांच्या, कौसल्या ललिता फडके यांच्या. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत सारी गीते एकट्या बाबूजींनी गायिली. माझ्या पिढीचे गीतरामायण ते. आईच्या मनातले मात्र आधीचे. तिची आठवण शाबूत होती. मीच तिला परकी वस्तू देत होतो.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवण्याची शक्ती आधी ढासळते. किशोरवयात आणि तरुणपणी मनात रुजलेले बहुधा अधिक काळ टिकते. त्यातही गाण्याची स्मृती बोलण्याच्या स्मृतीहून चिवट असते, असे अनेक रुग्णांत दिसते. म्हणून ‘यांना जुनी गाणी आवडतात’ एवढे कळून भागत नाही. कोणती गाणी, कोणाच्या आवाजात, कोणत्या वयात ऐकलेली, हे भावंडांना आणि जुन्या शेजाऱ्यांना विचारावे.

आकाशवाणीवरची ती कौसल्या मला काही मिळाली नाही. एका संध्याकाळी माझ्या पत्नीने वाती वळता वळता तेच गीत सहज गुणगुणायला घेतले. आई ऐकत राहिली आणि दुसऱ्या ओळीपासून स्वतः गाऊ लागली. सुनेचे नाव तिला त्या दिवशी आठवत नव्हते. गीताचा शब्दही चुकला नाही.

याने आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. गाणे हे औषधाला पर्याय नव्हे. परंतु आमच्या तिन्हीसांजा सोप्या झाल्या. अनुभवाने काही गोष्टी उमगल्या. गाणे दिवसभर लावून ठेवू नये. अर्धा तास पुरतो. त्या वेळी दूरदर्शन संच बंद असावा. उतारवयात ऐकू कमी येते ते आधी वरच्या पट्टीतले. त्यामुळे नुसता आवाज वाढवल्याने शब्द स्पष्ट होतातच असे नाही. कानात मळ साठला आहे का, हे आधी तपासून घ्यावे. एखादे गीत दुःख जागे करते. चेहऱ्यावर ताण दिसताच ते थांबवावे. आणि शक्य तर घरातल्या कोणी गावे. सूर चुकला तरी रुग्ण तक्रार करत नाही.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. ‘मला घरी जायचंय’ म्हणताना तिला कोणते घर आठवत असेल, हा प्रश्न तेव्हा मला छळत असे. आता वाटते, ती ओसरीच असावी. तिथवर नेऊन सोडणे माझ्या हाती नव्हते. सुनेने मात्र तिला काही संध्याकाळी त्या पायरीपर्यंत नेऊन आणले.